फुकटचा लोगो आणि नर्सबाई

फुकट या शब्दावर नर्सबाईंचा फार विश्वास होता. 'एकावर एक फुकट' अशी पाटी दिसली की माझ्यासारखी माणसं सावध होतात, बाई खूश व्हायच्या. त्यांची सगळी नोकरी सरकारी आरोग्य केंद्रात गेली होती. लस फुकट, गोळ्या फुकट, बाळंतपण फुकट, आणि त्यातलं काहीही अर्धवट नाही. फुकट म्हणजे कुणीतरी विचार करून आपल्यासाठी बाजूला काढून ठेवलेलं, असा त्यांच्या लेखी त्या शब्दाचा अर्थ होता. इंटरनेटला हा अर्थ माहीत नव्हता. तिथूनच आमच्या कटकटी सुरू झाल्या.

अलिबागच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत मला नोकरी लागली तेव्हा किहीमच्या वाटेवरच्या एका गावात मी त्यांच्या घराची मागची खोली भाड्यानं घेतली. खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी माझी खालची पापणी ओढून पाहिली.

"रक्त कमी हाय," म्हणाल्या. "खोली पसंत हाय का?"

मी फारसं बोलत नाही. इंग्रजी शाळेत शिकले म्हणून माझं मराठी कच्चं असणार असं लोक धरून चालतात, आणि गप्प बसायला मला ते कारण बरं पडतं. बाईंनी ते धरलं नाही. त्यांनी माझं नाव मात्र 'कॉन्व्हेंट' ठेवलं. "ए कॉन्व्हेंट, चहा गार होतोय." "ए कॉन्व्हेंट, दिवा चालू ठेवून गेलीस." पहिला महिनाभर मला ते खटकायचं. मग एकदा त्या पुण्याला भाचीकडे जाऊन आल्या आणि त्या चार-पाच दिवसांत मला कुणीच हाक मारली नाही. तेव्हापासून खटकायचं थांबलं.

त्यांची खुर्ची ओटीवर असायची. मागच्या भिंतीवर बुद्धाची छोटी तसबीर आणि तिच्या शेजारी लसीकरणाचं जुनं, कडा पिवळ्या पडलेलं पोस्टर. खुर्चीत बसून त्या रस्ता बघायच्या. बघायच्या म्हणजे तपासायच्या. "ह्याचा गुडघा गेलाय." "हिला दिवस गेलेत, अजून घरात सांगितलेलं न्हाय." समुद्राकडे निघालेल्या मुंबईच्या पाहुण्यांनाही सोडायच्या नाहीत. "ओ दादा, पाठ भाजलीय तुमची. कोरफड लावा. त्या कुंपणाशी हाय, तोडा खुशाल." आणि तो दादा, चारचौघांत उघड्या पाठीनं उभा, खरोखर कोरफड तोडायचा.

त्यांचा मुलगा वाशीला असायचा. मायेचा होता, रोज फोन करायचा. आदल्या वर्षी बाई विहिरीपाशी घसरून पडल्या, दुपारभर तिथंच बसून राहिल्या, आणि ते त्याला दुसऱ्या कुणाकडून तरी कळलं. तेव्हापासून त्याचं एकच म्हणणं होतं: घराभोवतीची नारळाची वाडी एका रिसॉर्टवाल्याला चालवायला द्यायची आणि आईनं वाशीच्या फ्लॅटमध्ये यायचं. फ्लॅट चौदाव्या मजल्यावर.

"चौदाव्या मजल्यावरून मला माणसं कशी दिसणार?" बाई मला विचारायच्या. "कोण लंगडतंय, कोण खोकतंय, काय कळायचं न्हाय. मी तिथं आठवड्यात आंधळी होईन."

शेवटी मायलेकांचा करार झाला. या हिवाळ्यात बाईंनी वाडीत पाहुण्यांसाठी पोपटीचं जेवण सुरू करायचं. पाहुणे आले, घरात माणसांचा राबता राहिला, तर त्या राहतील. नाही जमलं तर फेब्रुवारीत सामान बांधायचं. हे दोघांनी माझ्यासमोर ठरवलं, आणि मुलगा गाडीत बसताना मला म्हणाला, "तुम्ही साक्षीदार हं." मी मान हलवली. मला वाटलं माझं काम तेवढंच आहे.

पोपटी हा आमच्या रायगडातला थंडीतला खेळच म्हणायचा. मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरायचा, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, जाडं मीठ. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्यानं गच्च बंद करायचं, मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा नि झावळ्या पेटवायच्या. या मडक्याचं तोंड खाली असतं एवढं वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. मी ते पुरेसं ध्यानात ठेवलं नव्हतं.

"लोगो पायजे," बाई एके दिवशी म्हणाल्या. हा शब्द त्यांना मुलानं दिला होता. "तो म्हणतो, लोगो नसला की लोक हौशी समजतात. इंटरनेटवर फुकट बनवून मिळतात म्हणे. काढ तुझा लॅपटॉप."

मी काढला. लोगो बनवून देणाऱ्या फुकट साइटी पाच-पन्नास निघाल्या. मला वाटलं एखादी निवडू आणि उरकू. पण बाईंनी खुर्ची ओढली, चष्मा लावला, आणि आरोग्य केंद्राच्या दारात उभ्या असल्यासारख्या म्हणाल्या, "एकेकाला आत सोड."

पहिली साइट चौकस होती. तुमचा व्यवसाय कोणता, गिऱ्हाईक कोण, तुमच्या ब्रँडचा स्वभाव कसा: खेळकर, शांत, राजेशाही, धाडसी?

"पोपटीला कसला स्वभाव?" बाई म्हणाल्या. "का मला विचारतंय? मग तापट लिही."

"तापट नाहीये यात."

"मग ह्यानं माणसं बघितलेली न्हाईत."

आम्ही धाडसी निवडलं. साइटनं मुकुट घातलेली लाल मिरची दिली. बाईंनी ती लांबून पाहिली, जवळून पाहिली. "गोवर," म्हणाल्या. "पुढचा!"

दुसरीनं चांगलं काम केलं. मातकट रंगाचं मडकं, खाली जाळ, अक्षरांची जागा नेमकी. आम्ही दोघी तासभर रंग बदलत बसलो. मग डाउनलोडचं बटण दाबलं आणि तिनं पैसे मागितले. बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. मग त्यांचा आवाज चढला.

"म्हणजे टोचून झाल्यावर सांगायचं, सुई काढायचे पैसे पडतील?"

मी त्यांना समजावलं की मोफतवाली प्रत पण आहे, फक्त त्यावर कंपनीचं नाव आडवं छापलेलं येतं. ते त्यांना अजूनच लागलं. "मी एवढी पोरं टोचली. एकाच्या तरी दंडावर आरोग्य केंद्राचं नाव गोंदवलं का? मग फुकट दिलं म्हणायचं कशाला!" त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. फसवणुकीपेक्षा त्या शब्दाचा अपमान झाल्याचं वाईट.

तिसरी साइट चित्र फुकट द्यायची, पण बोटाएवढं. मोठं केलं की धुरकट. "मोतीबिंदू. पुढचा!" चौथीवर चित्र हवं तसं वळवता यायचं, मोठं करता यायचं, वर पैसे नाहीत की नाव नाही. पण तिला मराठी लिहिता येईना. जोडाक्षरांचे तुकडे पाडून ती शेजारी शेजारी मांडायची. बाई मात्र चौथीवर खूश झाल्या. "पोर गुणी हाय," म्हणाल्या. "बोबडी हाय एवढंच. बोबडेपण जातं." अक्षरांचा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला. पांढऱ्या कागदावर काळ्या स्केचपेननं 'नर्सबाईंची पोपटी' असं लिहिलं, गोल, सुटं, टपोरं, बाळांच्या कार्डांवर लिहायच्या तसं. मी फोटो काढून मडक्याखाली बसवला. मी लायब्ररीत अक्षरांच्या गराड्यात असते. खरं सांगते, कुठल्याही साइटवर इतकं देखणं अक्षर मी पाहिलं नव्हतं.

झालं असं मला वाटलं. बाईंना वाटलं, आता तपासणी.

दोन-तीन दिवसांनी मी कामावरून आले तर कपडे वाळत घालायच्या दोरीवर चारही साइटींचे लोगो चिमटे लावून टांगलेले. कॉलेजच्या झेरॉक्सवाल्याकडून मीच आणून दिले होते, पण ते परकरांच्या रांगेत बघेन असं वाटलं नव्हतं. बाई दोरीखाली खुर्ची टाकून बसलेल्या. जो रस्त्यानं जाईल त्याला आत बोलवायचं, कुठला आवडला विचारायचं, आणि उत्तर दिलं की त्याच्या डाव्या करंगळीच्या नखावर स्केचपेननं काळी खूण करायची. पोलिओच्या थेंबांनंतर मुलांना करतात तशी. एकानं दोनदा मत देऊ नये म्हणून.

मासळीवाली मावशी पाटी उतरवून उभी होती. "अगो बाय, माज्या नखाला काय करतंस? मी काय पाच वर्षांची हाय?"

"अक्कल तेवढीच हाय. सांग, कुठला?"

"ह्यो." तिनं चौथ्याकडे बोट दाखवलं. "पन मडकं उताणं कशाला ठेवलंस गो? पोपटी करतंस का ताक घुसळतंस?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मडक्याकडे पाहिलं. मिरचीवाली सोडली तर बाकी तिन्ही साइटींनी मडक्याचं तोंड वर ठेवलं होतं, वाफेसह. तसं चित्र कुठल्याही देशात कुणालाही चालेल. मला चाललं होतं. आणि गेले दोन-तीन दिवस ते न्याहाळणाऱ्या बाईंनाही चाललं होतं, हे त्यांना जास्त झोंबलं.

"माझं पण लक्ष गेलं न्हाय," त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या. "वळव ते."

मी वळवलं. चौथीवर वळवता येत होतं. उपडं मडकं आणि भोवती वर जाणाऱ्या ज्वाळा असा नवा कागद दोरीवर लागला. मासळीवाली म्हणाली पोपटी. गावातला रिक्षावाला लांबूनच म्हणाला, "पोपटी! कधी हाय?" मग समुद्रावरून परतणारं मुंबईचं एक जोडपं आलं. नवरा म्हणाला घंटा. बायको म्हणाली, नाही रे, लॅम्पशेड. करंगळ्या रंगवून घेऊन ते हसत हसत गेले.

त्या संध्याकाळी माझं आणि बाईंचं भांडण झालं. माझं कुणाशी भांडण होत नाही, म्हणून मला ते नीट आठवतं.

मी म्हटलं, "पाहुणे मुंबईचे येणार. त्यांना घंटा दिसली तर ते थांबणार नाहीत. सरळ मडकं ठेवू या. जेवण आहे एवढं तरी कळेल."

"पेशंटला कळत न्हाय म्हणून आजाराचं नाव बदलायचं?"

"हा आजार नाहीये बाई. पाटी आहे. गावातल्या लोकांना पाटी लागतच नाही, ते वासानं येतात. पाटी ज्यांच्यासाठी आहे त्यांना कळली पाहिजे."

"मडकं उताणं ठेवलं तर शेंगा करपतात."

"चित्रातल्या शेंगा?"

"चित्रातल्यासुद्धा."

"मग फेब्रुवारीत सामान बांधा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं खोली सोडायला सांगतील. तर त्यांचा चेहरा हळूहळू फुलत गेला. "बोललीस की!" त्या म्हणाल्या. "एवढं लांब वाक्य. बघ, रक्त वाढलंय." आणि आत जाऊन माझ्यासाठी तांदळाची भाकरी टाकायला लागल्या. भाकरी थापता थापता आतूनच ओरडल्या, "मडकं उपडंच ऱ्हाणार पण!"

उपडंच राहिलं. मी ती फाइल अलिबागच्या एका फ्लेक्सवाल्याला पाठवली. पहिली पोपटी शनिवारी होती. ठाण्याच्या एका कुटुंबानं फोनवर सांगून ठेवलं होतं, आणि मुलगाही वाशीहून बघायला येणार होता. बोर्ड शनिवारी दुपारी रिक्षातून आला. आम्ही वरचा कागद फाडला.

मडकं सरळ होतं.

फ्लेक्सवाल्याला फोन केला. तो मोठ्या समाधानानं म्हणाला, "मॅडम, तुमच्या चित्रात मडकं उलटं आलं होतं. मी सरळ करून दिलं. त्याचे काही घेतले नाहीत."

"फुकट?" बाईंनी शेजारून विचारलं.

"हो, फुकट," मी म्हटलं.

बाई खुर्चीत बसल्या. दुसरा बोर्ड सोमवारशिवाय मिळणार नव्हता. "तू तर सांगितलं न्हाईस ना त्याला?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं आणि त्यांनी लगेच विश्वास ठेवला. मी म्हटलं, आता राहू दे, दोन दिवसांचा प्रश्न आहे. त्यांनी बोर्डकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, रिक्षावाल्याकडे पाहिलं. मग उठल्या.

"दादा, वर चढा. उलटा बांधा."

"अक्षरं उलटी व्हतील बाई."

"अक्षरं माणूस मान वाकडी करून वाचतो. मडकं कोण मान वाकडी करून बघतंय? बांधा."

रिक्षावाल्यानं बांधला. खाली उतरून लांब जाऊन पाहिलं. "मडकं बरोबर झालं," तो म्हणाला. "पन जाळ जमिनीत चाललाय."

"वारा हाय तसा," बाई म्हणाल्या आणि पाला आणायला गेल्या.

मला फाटकाशी उभं केलं होतं, ठाण्याचे पाहुणे चुकू नयेत म्हणून. पहिली गाडी थांबली ती त्यांची नव्हती. काच खाली झाली. "ताई, तुमचा बोर्ड उलटा लागलाय."

"हो," मी म्हटलं. "थँक यू."

दुसरी गाडी. "एक्स्क्यूज मी, युवर साइनबोर्ड..." मला जमिनीत शिरावंसं वाटलं. तिसऱ्या खेपेला मोटारसायकलवरची दोन मुलं माना तिरक्या करून मोठ्यानं वाचत होती, "न-र्स-बा-ईं-ची... ओ ताई, उलटा हाय!" आणि मागून, झावळ्यांच्या ढिगाआडून, बाईंचा आवाज आला, "कॉन्व्हेंट, सांग की त्यांना!"

काय सांगू? मी बोर्डकडे हात केला. "बोर्ड उलटा आहे. मडकं सरळ आहे. म्हणजे उपडं आहे, पण ते तसंच असतं."

"म्हणजे?"

"आत या. दाखवते."

त्यानंतर मी हे एवढ्या वेळा बोलले की शेवटी मला त्यात चढउतार सापडले. 'तसंच असतं'पाशी थोडं थांबायचं. लोक उतरायचेच. ठाण्याचं कुटुंब आलं तोवर वाडीत अनोळखी माणसांचा घोळका उभा होता आणि बाई पेटत्या पेंढ्याभोवती फिरत त्यांना मडक्यात काय काय घातलंय ते सांगत होत्या. मधेच एकाची जीभ तपासत होत्या. शेंगा पुरणार नाहीत म्हणून रिक्षावाला गावातून आणखी शेंगा नि आणखी एक मडकं घेऊन आला.

त्याच गर्दीत मुलगा पोचला. फाटकाशी गाडी थांबवून तो बोर्डकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

"हे काय? लोक हसतायत."

"आधी हसतात," मी म्हटलं. "मग आत येतात."

तो गाडी लावून आत आला. बाईंनी काठीनं मडकं जाळातून बाहेर ओढलं, वर पाण्याचा हबका मारला, तो चर्रकन उडाला. मग गोणपाटानं धरून मडकं तरटावर ओतलं. वाफ उठली, ओव्याचा आणि भाजल्या पाल्याचा वास सुटला, आणि घोळका एकदम पुढं सरकला. मुलगा उकिडवा बसून शेंगा सोलायला लागला, पाहुण्यांना वाढायला. त्यानं स्वतः किती खाल्ल्या ते मी बघत होते. बाईही बघत होत्या. तो आईकडे बघत होता: ती या बाजूनं त्या बाजूला जातेय, हसतेय, एका बाईच्या सुजलेल्या पावलावर बोट दाबून बघतेय.

फेब्रुवारीचा विषय कुणी काढला नाही. मी साक्षीदार असल्यामुळे कान देऊन होते.

सकाळी मला जाग आली ती शिडी फरपटत नेल्याच्या आवाजानं. खिडकीतून पाहिलं तर मुलगा फाटकाशी शिडी लावून चढत होता. उजेडात तो बोर्ड अजूनच उलटा दिसत होता. बाई चहाचा कप घेऊन ओटीवर उभ्या होत्या. त्यांनी त्याला हाक मारली नाही, वारा, जाळ, मडकं, काहीच म्हणाल्या नाहीत. मी चपला न घालताच बाहेर आले.

त्यानं वरची गाठ चाचपली. बोर्ड एका बाजूनं थोडा कलला होता. खिशातून तार काढली, त्या बाजूला दोन वेढे दिले, पकडीनं पिळले. मग दुसऱ्या बाजूला. बोर्ड हलवून पाहिला. हलला नाही.

"वाऱ्यानं सुटला असता," तो शिडीवरूनच म्हणाला. "पावसाळ्याच्या आधी उतरवून ठेव. थंडी पडली की मी येऊन परत लावतो."

बाईंनी चहाचा घोट घेतला. "असाच?"

तो खाली उतरला, हात झटकले, रस्त्यावर जाऊन मान तिरकी करून पूर्ण नाव वाचलं, आणि मान सरळ करून मडकं पाहिलं.

"असाच," म्हणाला.